डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : शाळेतल्या गुलाबी गोळीपासून आजीच्या सांध्यांपर्यंत



परिपाठात शास्त्रज्ञांची ओळख करून द्यायची म्हटलं की ठरलेली आठ-दहा नावं फिरत राहतात. रामन, भाभा, साराभाई, कलाम. ती असायलाच हवीत. पण आज ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांचं नाव परिपाठात क्वचितच ऐकू येतं. आणि गंमत अशी की त्यांच्या कामाचं फळ आपल्याच शाळेच्या कपाटात ठेवलेलं असतं. आठवड्यातून एकदा आपण मुलांना जी गुलाबी गोळी देतो, लोह आणि फॉलिक ॲसिडची, त्यातलं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं ते त्यांच्या गटाने. आपल्या भंडारा जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत समोर उभं राहून ज्या डीईसीच्या गोळ्या खाऊ घालतात, त्या गोळीचं औषधही त्यांच्याच प्रयोगशाळेतून आलं. आणि तिसरी गोळी शाळेत नाही, गावात सापडते. आमवाताने बोटं वाकडी झालेल्या एखाद्या आजीच्या औषधाच्या पिशवीत मेथोट्रेक्झेट नावाची गोळी असते, आठवड्यातून एकच दिवस घ्यायची. तिचं मूळही तिथलंच.

तीन गोळ्या आणि माणूस एक. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम इथे झाला. ही तारीख मुलांच्या लक्षात सहज राहील, कारण जिजाऊ माँसाहेब आणि स्वामी विवेकानंद यांची जयंतीही त्याच दिवशी असते. भीमावरम आज आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात आहे, तेव्हा मद्रास इलाख्यात होतं. नकाशा समोर असेल तर मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. आपल्या वैनगंगेचं पाणी पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होतं, प्राणहिता गोदावरीत जाते, आणि त्या गोदावरीच्या मुखाजवळचा धानाचा मुलूख म्हणजे सुब्बारावांचा मुलूख. आपल्याकडून वाहत गेलेलं पाणी तिथल्या बांध्यांमध्ये पोहोचतं म्हणा ना.

घरची परिस्थिती ओढगस्तीची. वडील जगन्नाथम यांची नोकरी आजारपणामुळे लवकर सुटली. आई वेंकम्मा मात्र खंबीर बाई. सात भावंडांत सुब्बाराव चौथे. अभ्यासात लक्ष नव्हतं असं नाही, पण डोक्यात पैसे मिळवायचं होतं. तेरा वर्षांचे असताना ते घरातून पळाले. काशीला जायचं, यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं, असा बेत! आईने माणसं पाठवून रस्त्यातूनच परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं. पुढे मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले. तिसऱ्या वेळी मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून पास झाले. दहावीचा निकाल लागला की काही घरांमध्ये जे वातावरण असतं ते आपण सगळे बघतो, म्हणून हा तपशील मुद्दाम लिहिला. तोवर वडील वारले होते. आईने दागिने विकून शिकवलं.

मद्रासला त्यांचा ओढा रामकृष्ण मिशनकडे गेला. संन्यास घ्यायचा असं मनात होतं. आईने परवानगी दिली नाही, आणि मिशनच्या साधूंनीही सुचवलं की डॉक्टर होऊन सेवा करता येईल. म्हणून ते मद्रास मेडिकल कॉलेजात गेले. खर्चाची अडचण होतीच. मित्रांनी हात दिला आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी दिला. या मूर्तींचीच मुलगी शेषगिरी, तिच्याशी १९१९ मध्ये त्यांचं लग्न झालं.

याच काळात घरावर मोठा घाव बसला. स्प्रू नावाच्या आजाराने त्यांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. स्प्रू म्हणजे आतड्याचा आजार. खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त पांढरं पडत जातं, माणूस वाळत वाळत जातो. सुब्बारावांनाही तो झाला होता. ते वाचले ते डॉ. आचंट लक्ष्मीपती या आयुर्वेदाच्या वैद्यांच्या उपचाराने. औषध शोधायची जी तहान त्यांना आयुष्यभर लागली तिचं मूळ मला इथे दिसतं. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी फॉलिक ॲसिड तयार झालं तेव्हा ज्या आजारांवर ते लागू पडलं त्यात स्प्रूही होता. भावांसाठी उशीर झाला होता, एवढंच.

कॉलेजातली एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना नक्की आवडेल. गांधीजींनी विलायती मालावर बहिष्कार टाकायचं आवाहन केलं होतं. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा झगा घालून जाऊ लागले. शस्त्रक्रियेचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते खपलं नाही. लेखी परीक्षा चांगली जाऊनही सुब्बारावांना एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी मिळाली. सरकारी वैद्यकीय सेवेचं दार त्यामुळे बंद झालं. एका कापडाच्या झग्याने आयुष्याची वाट बदलली. मग त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवायला सुरुवात केली. म्हणजे काही काळ ते आपल्यासारखेच मास्तर होते.

तिथून अमेरिका. हार्वर्डच्या उष्णकटिबंधीय आजारांच्या शाळेत प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती नव्हती. प्रवासासाठी काकिनाडाच्या सत्यलिंग नायकर धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी पैसे दिले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोस्टनला उतरले. घरी पत्नी गरोदर होती. तीन वर्षांत परत येईन असं सांगून निघालेले सुब्बाराव पुन्हा कधीच भारतात आले नाहीत. मुलगा ते गेल्यावर जन्मला आणि वर्षाच्या आतच आजाराने गेला. बापाने त्याला पाहिलंच नाही. शेषगिरीबाई वाट बघत राहिल्या. चरित्र लिहिणारे ही बाजू दोन ओळींत आटोपतात. मोठ्या माणसाच्या कामाची किंमत कधी कधी दुसरंच कुणी मोजतं, आणि त्याची नोंद कुठे होत नाही, असं मला वाटतं.

मद्रासच्या डॉक्टरला बोस्टनमध्ये डॉक्टरकी करायची परवानगी नव्हती. पोट भरायला त्यांनी इस्पितळात रात्रपाळीचं काम धरलं. रुग्णांची मलमूत्राची भांडी धुणं, फरशा पुसणं. दिवसा शिकायचं आणि रात्री हे. पदविका मिळाल्यावर ते हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्याकडे गेले.

आता त्यांचं पहिलं मोठं काम. रक्तात फॉस्फरस किती आहे हे मोजायला तेव्हा सोपी रीत नव्हती. फॉस्फरस म्हणजे काय हे मुलांना सांगायचं तर आधी हाडाचं सांगा. आपली हाडं कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या क्षारांची बनलेली असतात. मुडदूस झालेल्या मुलाच्या रक्तात फॉस्फरस कमी असू शकतो, मूत्रपिंड बिघडलं की वाढतो. म्हणजे हा आकडा कळला तर आत काय चाललंय ते कळतं. फिस्के आणि सुब्बाराव यांनी अशी रीत काढली की नमुन्यात ठरलेली रसायनं घातली की निळा रंग येतो. जितका फॉस्फरस जास्त तितका निळा गडद. १९२५ मध्ये ही रीत छापून आली. पिढ्यान्‌पिढ्या जीवरसायनाचे विद्यार्थी ती फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणूनच शिकले.

ही रीत स्नायूंवर वापरताना त्यांच्या लक्षात आलं की स्नायूत एक असा फॉस्फरसचा पदार्थ आहे जो स्नायू दमला की कमी होतो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा भरतो. १९२७ मध्ये त्यांनी तो फॉस्फोक्रिएटिन म्हणून ओळखला. आणि १९२९ मध्ये त्याहून महत्त्वाचा रेणू त्यांच्या हाती आला. तो म्हणजे एटीपी, ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला होता. आज सातवी-आठवीचा मुलगाही एटीपी म्हणजे पेशीतली ऊर्जा असं पाठ म्हणतो. पुस्तकात नाव मात्र नसतं.

एटीपीची रचना जरा समजून घेऊ, कारण पुढे तिचीच गरज पडणार आहे. ॲडेनोसिन नावाचा एक छोटा रेणू, आणि त्याला एकामागे एक जोडलेले फॉस्फेटचे तीन डबे. रेल्वेचं इंजिन आणि तीन डबे असं फळ्यावर काढा, चालेल. शेवटचा डबा सुटला की ऊर्जा मिळते. तिन्ही डबे सुटले की नुसतं इंजिन उरतं, म्हणजे ॲडेनोसिन. १९२९ मध्ये या इंजिनाची स्वतःची काही कामगिरी असेल असं फार कुणाला वाटत नव्हतं. योगायोग असा की त्याच १९२९ साली इंग्लंडमध्ये ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी या दोघांनी दाखवलं की ॲडेनोसिन टोचलं की प्राण्याच्या हृदयाचे ठोके मंद होतात. म्हणजे ॲडेनोसिन पेशीला काहीतरी सांगत होतं. काय आणि कसं, हे कळायला अजून कित्येक वर्षं जायची होती.

१९३० मध्ये सुब्बारावांना पीएचडी मिळाली. पण हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. कामाचं श्रेय फिस्के यांच्याकडे जास्त गेलं. फिस्के यांच्या बढतीच्या वेळी सुब्बारावांनी स्वतःच मागे राहणं पसंत केलं असंही सांगतात. त्यांचे सहकारी जॉर्ज हिचिंग्स, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, त्यांनी नंतर सांगितलं होतं की सुब्बारावांनी वेगळे केलेले काही रेणू बाहेरच आले नाहीत आणि ते इतरांना नव्याने शोधावे लागले. स्वतःविषयी बोलायची सुब्बारावांना हौस नव्हती. पत्रकार परिषदेत मागच्या खुर्चीत बसणारा माणूस. आजच्या काळात असा माणूस टिकला असता का, हा प्रश्न मनात येतो.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावातल्या लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच संशोधनाचे प्रमुख झाले. इथे आठ वर्षांत जे झालं ते बघितलं की माणूस थक्क होतो.

आधी फॉलिक ॲसिड. याची सुरुवात मात्र अमेरिकेत झाली नाही, आपल्या मुंबईत झाली. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता. नुसतं लोह देऊन तो बरा होत नव्हता. विल्सबाईंनी गरीब आणि सुखवस्तू बायकांचा आहार तपासला आणि शेवटी दाखवून दिलं की यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिला की या बायका सुधारतात. यीस्टमध्ये काहीतरी होतं. त्या काहीतरीला विल्स घटक म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तसाच पदार्थ वेगळा केला गेला आणि त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं, पानावरून. पण पालकाच्या ढिगाऱ्यातून चिमूटभर मिळायचं. सुब्बारावांच्या गटाने १९४५ मध्ये त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. तेव्हापासून ते गोळीत भरणं शक्य झालं. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे जे रुग्ण आहेत त्यांनाही फॉलिक ॲसिड देतात, कारण त्यांच्या रक्तपेशी लवकर मोडतात आणि नव्या बनवायला ते लागतं.

मग डीईसी. १९४७ मध्ये लेडर्लीच्या संशोधकांनी हे औषध हत्तीरोगाच्या जंतांवर चालतं हे दाखवलं. आपल्याकडे मोहिमेत वयाप्रमाणे गोळ्या देतात : २ ते ५ वर्षं एक, ६ ते १४ वर्षं दोन, त्यावरच्यांना तीन. रिकाम्या पोटी द्यायच्या नाहीत. दोन वर्षांखालचं बाळ, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस यांना देत नाहीत. पालकांना या गोळीची भीती वाटते, कारण घेतल्यावर काहींना ताप येतो, मळमळतं. बहुधा तो रक्तातले जंत मरत असल्याचा परिणाम असतो, एवढं आपण समजावून सांगू शकतो. त्याच प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी ऑरिओमायसिन शोधलं, टेट्रासायक्लिन कुळातलं पहिलं औषध. पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण दिसतात, त्यांना जे डॉक्सिसायक्लिन देतात ते याच कुळातलं.

आता आजीच्या गोळीकडे येऊ.

बोस्टनमध्ये सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर रक्ताचा कर्करोग झालेली मुलं तपासत होते. तेव्हा या आजारावर काहीच नव्हतं, मुलं काही आठवड्यांत जायची. फार्बर यांनी सुब्बारावांकडून फॉलिक ॲसिडसारखी संयुगं घेऊन काही मुलांना दिली. त्यांना असं दिसलं की आजार उलट वाढतोय. मग उलटा विचार आला. कर्करोगाच्या पेशींना वाढायला फॉलिक ॲसिड लागत असेल, तर त्याचा तोतया द्यायचा. दिसायला फॉलिक ॲसिडसारखा, पेशी फसून घेईल, पण काम अडेल. असे तोतये सुब्बारावांच्या गटाने बनवले. त्यातल्या ॲमिनोप्टेरिनने १६ पैकी १० मुलांत आजार मागे हटला. फार्बर यांनी हे जून १९४८ मध्ये छापलं. आराम काही महिन्यांचाच होता, पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटतो हे त्यावेळी पहिल्यांदा दिसलं. याच कुटुंबातला जरा सौम्य भाऊ म्हणजे मेथोट्रेक्झेट.

त्यानंतर दोन महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय ५३. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. नोबेल मिळालं नाही. एका बुरशीला त्यांच्या नावावरून सुब्बारोमायसेस स्प्लेंडेन्स हे नाव दिलं गेलं आणि १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला, भारताच्या टपाल खात्याने तिकीट काढलं.

चरित्र इथे संपतं, पण औषधाचं आयुष्य पुढे चालू राहिलं. १९५१ मध्ये गबनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पाहिलं की ॲमिनोप्टेरिन दिल्यावर आमवाताच्या काही रुग्णांचे सुजलेले सांधे उतरले. आमवात आणि गुडघ्यांची झीज यात आपण गल्लत करतो, म्हणून थोडं सांगते. रोवणीच्या चिखलात वाकून वाकून, ओझी वाहून उतारवयात गुडघे दुखतात ती बहुतेक झीज असते. आमवात वेगळा. त्यात शरीराचं संरक्षण दल स्वतःच्याच सांध्यांवर चालून जातं. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे सांधे सारखेच सुजतात, आणि उपचार नाही झाला तर ती सूज सांध्याजवळचं हाड कुरतडत जाते. तरुण बायकांनाही होतो. वाकडी झालेली बोटं मग सरळ होत नाहीत, म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं. गावात वातावरच्या पुड्या आणि सुया घेण्यात वर्षं जातात आणि तेवढ्या वेळात हाड गेलेलं असतं.

आमवातासाठी मेथोट्रेक्झेट अमेरिकेत अधिकृतपणे मान्य झालं ते १९८८ मध्ये. सुब्बाराव जाऊन ४० वर्षं झाली होती. तेव्हापासून ते आमवाताचं पायाभूत औषध आहे, आपल्याकडेही. कर्करोगात ते मोठ्या मात्रेत देतात, आमवातात अगदी थोडं आणि आठवड्यातून एकदाच. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांना कळकळीने सांगणं आहे : वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, रक्तपेशी बनणं बंद पडतं, माणूस दगावू शकतो. वाचता न येणाऱ्या आजीच्या घरात ही खूण नातवंडाने केली तरी चालेल. गरोदरपणात ती चालत नाही. बाकी सगळं डॉक्टरांना विचारून.

पण इथे एक कोडं उभं राहिलं. मेथोट्रेक्झेट हा फॉलिक ॲसिडचा तोतया. तोंड येऊ नये, मळमळू नये म्हणून डॉक्टर आमवाताच्या रुग्णाला इतर दिवशी फॉलिक ॲसिडची गोळीही देतात. मग तोतयाचं काम बुडायला हवं ना? त्रास कमी होतो, पण सांध्यांचा आराम टिकतो. म्हणजे थोड्या मात्रेत ही गोळी फॉलिक ॲसिड अडवण्याखेरीज दुसऱ्याही वाटेने काम करत असणार.

ती वाट शोधता शोधता संशोधक जिथे पोहोचले ते ऐकून मी चकित झाले. ती वाट ॲडेनोसिनकडे गेली. थोड्या मात्रेतलं मेथोट्रेक्झेट पेशीतलं एक रासायनिक काम अडवतं, त्यामुळे पेशींच्या बाहेर ॲडेनोसिन जास्त साठतं. एटीपीचे डबे सुटून उरणारं तेच इंजिन. आणि पेशींच्या बाहेरच्या पडद्यावर ॲडेनोसिन ओळखणारे ग्राहक असतात. ग्राहक म्हणजे रिसेप्टर, दुकानातलं गिऱ्हाईक नव्हे!

ग्राहक मुलांना कसा समजवायचा? माझी रीत अशी. वर्गात गोंधळ चालू आहे. घंटा वाजली. ज्याला घंटा ऐकू येते तो थांबतो. ॲडेनोसिन ही घंटा आणि ग्राहक हा पेशीचा कान. घंटा पेशीच्या आत शिरत नाही, कानावर आदळते, आणि कान आत निरोप पाठवतो. ॲडेनोसिनसाठी असे चार प्रकारचे कान सापडले आहेत. त्यातला ए-टू-ए नावाचा कान पांढऱ्या पेशींवर असतो, आणि त्याच्यावर घंटा वाजली की पांढरी पेशी सूज भडकवणारी रसायनं सोडणं कमी करते. म्हणजे मेथोट्रेक्झेट स्वतः हा कान धरत नाही, घंटा मोठ्याने वाजवण्याची सोय करतं. ही एकच वाट आहे असं संशोधक म्हणत नाहीत, पण मोठी वाट आहे. ज्या माणसाने १९२९ मध्ये एटीपी वेगळं केलं आणि १९४० च्या दशकात तोतयांचं कुटुंब तयार करवून घेतलं, त्याची दोन्ही कामं पेशीच्या एका कानापाशी येऊन भेटली. त्यांना स्वतःला हे माहीत असण्याची शक्यताच नव्हती. ग्राहकांची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँगली आणि एर्लिच यांनी मांडली होती, पण ग्राहक समोर ठेवून औषध घडवायचं काम जेम्स ब्लॅक वगैरेंनी सुब्बारावांच्या नंतर केलं. ब्लॅक यांना त्यासाठी नोबेल मिळालं तेही १९८८ मध्येच, आणि त्या वर्षीच्या बक्षिसात वाटेकरी कोण, तर वर आलेले हिचिंग्स आणि त्यांच्या सहकारी गर्ट्रूड एलियन.

आता हाडाकडे. हाड म्हणजे दगड नाही. त्यात हाड बांधणाऱ्या पेशी असतात आणि हाड खाणाऱ्याही. दोघींचं काम जोडीने चाललं की हाड ताजं राहतं. सूज आली की खाणाऱ्यांची संख्या वाढते. आमवातात हेच होतं, आणि बदललेल्या गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या भोवतीही होऊ शकतं. कृत्रिम सांध्यात धातूखेरीज पॉलिथिलीनचा भाग असतो. वर्षानुवर्षं चालून त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण झिजून पडतात. पांढऱ्या पेशी ते गिळायला जातात, ते पचत नाहीत, सूज येते, भोवतालचं हाड विरघळतं आणि घट्ट बसवलेला सांधा हलायला लागतो. मग दुसरी शस्त्रक्रिया, उतारवयात.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवर हे करून पाहिलं. उंदराच्या कवटीवर पॉलिथिलीनचे कण ठेवले आणि काहींना तिथेच ए-टू-ए कानावर काम करणारं औषध टोचलं. ज्यांना औषध मिळालं त्यांच्या हाडात खड्डे कमी पडले, सूज कमी आली, हाड खाणाऱ्या पेशीही कमी दिसल्या. नंतर त्याच गटाने दाखवलं की उंदरांमध्ये मेथोट्रेक्झेटही ही झीज कमी करतं, आणि तेही याच कानामार्फत. उंदराची कवटी आणि माणसाचा रोज चालणारा गुडघा यात फरक आहे. हा कान हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही असतो, त्यामुळे औषध सगळ्या अंगात पसरलं तर रक्तदाब आणि ठोके बिघडू शकतात. ते फक्त हाडापाशी कसं पोहोचवायचं हा खरा अवघड भाग आहे.

एक प्रश्न पालकसभेत कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहिते. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनच्या याच कानांवर हात ठेवतं. आपल्याला तरतरी येते ती त्यामुळेच. मग मेथोट्रेक्झेट घेणाऱ्याने चहा सोडायचा का? एका अभ्यासात जास्त कॅफिन घेणाऱ्या रुग्णांना गुण कमी आला, दुसऱ्या मोठ्या अभ्यासात फरक दिसला नाही. सकाळ-संध्याकाळच्या दोन कपांनी गोळी वाया जाते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. दिवसभर टपरीवर बसून दहा कप पिणाऱ्या आजोबांनी मात्र पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट घालायला हरकत नाही.